हलक्या बंदुकीचा धक्का

एल्मा कोस्केला निशाणाकडे कधीच बघत नाही. मूल चाप ओढतं तेव्हा ती मुलाच्या उजव्या डोळ्याकडे बघते. पापणी मिटली, की नेम लागला काय आणि न लागला काय, तिच्या लेखी तो बार वाया गेला.

गावात याला म्हातारीचं खूळ म्हणतात. म्हणोत बापडे. अठ्ठावीस वर्षं तिने याच गावात शाळेची बस चालवली. सरोवरावरून वारा सुटून कमरेइतका बर्फ साचला तरी चालवली. आज बंदूक क्लबच्या समितीत पोट सुटेस्तोवर कॉफी पिणाऱ्या निम्म्या पुरुषांची नाकं तिने आपल्या रुमालाने पुसलेली आहेत.

तिच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण आहे.

ती नऊ वर्षांची होती. हरणांचा हंगाम उघडायच्या आधीचा रविवार होता. त्या रविवारी गावातली मुलं आयुष्यातला पहिला बार करतात. तांब्याच्या बंद पडलेल्या खाणीमागे खडीचा मोठा खड्डा आहे, तिथे सगळे जमतात. क्लबच्या संस्थापकाची जुनी रायफल मुलाच्या हातात देतात. ती मागे किती जोरात येते हे कुणी सांगत नाही. न सांगण्यातच सगळी मजा. न रडता बार केला, तर क्लबच्या भिंतीवरच्या पाटीवर नाव कोरलं जातं.

एल्माच्या बापाने रायफल तिच्या खांद्याला टेकवली आणि तो दोन पावलं मागे सरकला. बार उडाला. रायफलीवरच्या दुर्बिणीची कड भुवईत घुसली. ती पाठीवर पडली, डोळ्यात रक्त उतरलं आणि वर आभाळाऐवजी तिला हसणारी तोंडं दिसली. बापही हसत होता.

ती रडली. पाटीवर नाव लागलं नाही.

पुढची पंधरा वर्षं तिचा एकही नेम लागला नाही. "पोरींना जमत नाही ते," असं बाप म्हणायचा, आणि तिलाही ते खरं वाटायचं. चोविसाव्या वर्षी सासऱ्याच्या कोठारात उंदीर मारायची एक लहान पॉइंट टू-टू रायफल तिला सापडली. तिला धक्का नाही. आवाज टाळी वाजवल्याएवढा. पहिल्याच दुपारी कुंपणावरचे सहाच्या सहा डबे उडाले.

एल्मा गवतात मटकन बसली. म्हणजे दोष तिचा नव्हताच. चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटायचे, कारण शरीराने मार लक्षात ठेवला होता. पंधरा वर्षं तिला खोटं सांगितलं गेलं होतं, आणि सांगणाऱ्यांना ते खोटं आहे हेही ठाऊक नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. तो राग अजून उतरलेला नाही.

बस चालवणं सोडल्यावर ती क्लबमध्ये मुलांना शिकवू लागली. तिचा नियम साधा. पहिलं वर्ष लहान रायफल. दुसऱ्या वर्षी मध्यम काडतुसाची, पण वजनदार रायफल, दस्ता मुलाच्या हाताच्या मापाने कापलेला, टोकाला जाड रबर. बसायला टेबल, नळीखाली वाळूची पिशवी. कानांवर टोपणं, डोळ्यांवर चष्मा. आणि धक्का कसा लागतो ते आधी सांगायचं. सगळं सांगायचं.

तरी दर वर्षी तो रविवार यायचा. वर्षभर उघडा राहिलेला डोळा एका बारात मिटायचा.

यंदा टिल्डाची पाळी होती. टिल्डा दहा वर्षांची, अंगाने काडी. समितीचा अध्यक्ष आर्वो हेइक्किला, त्याची नात. गेल्या वर्षीच्या मार्चपासून दर शनिवारी ती एल्माकडे येत होती. इतक्या महिन्यांत तिची पापणी एकदाही हलली नव्हती. असं मूल एल्माने दुसरं पाहिलं नव्हतं.

म्हणून एल्मा उन्हाळ्यातच आर्वोच्या दारात जाऊन उभी राहिली. "जुनी रायफल पोरीच्या हातात देऊ नकोस," ती म्हणाली. आर्वो त्या वेळी सॉनाच्या भट्टीसाठी लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. मग म्हणाला, "बरं. भिंतीवर टांगू तिला. मुलांसाठी मुलांची रायफल आणू." एल्माला वाटलं, जिंकले.

ऑक्टोबरच्या बैठकीत आर्वोने नवी रायफल आणली. लहान मूल गुंडाळावं तशी घोंगडीत गुंडाळून. कॉफीचे मग आणि वेलचीचा पाव बाजूला सारून त्याने ती टेबलावर ठेवली. आखूड होती. सुबक होती. त्याचा चेहरा फुलला होता.

"उचल. उचलून तर बघ."

एल्माने एका हाताने उचलली. झाडूएवढी हलकी.

"काडतूस कुठलं लागतं हिला?"

"जुनीचंच. कपाटात पेट्या पडल्यात की. दुसरं कशाला आणायचं?"

"आर्वो, ही परत कर."

मग लेस्टर बोलला. जिथे चार माणसं जमतात तिथे लेस्टर बोलतोच. "काल जड होती म्हणून ओरडत होतीस, आज हलकी आहे म्हणून. एल्मा, नवरा निवडायला किती वर्षं लागली गं तुला?"

"तुझ्याहून कमी बोलणारा हवा होता, लेस्टर. एका दुपारीत मिळाला."

सगळे हसले. आर्वो हसला नाही.

"तूच म्हणालीस, पोरांना झेपत नाही."

"मारते म्हणाले. जड आहे असं कधी म्हणाले? जड हवीच. काडतूस तेच, तर धक्काही तोच. जड रायफल त्यातला निम्मा आपण सोसते. ही काय सोसणार? ही सगळाच्या सगळा पोरीच्या खांद्यात घालणार. जुनीपेक्षा वाईट आहे ही."

"दुकानदार म्हणाला, लहान मुलांसाठीच बनवलीय."

"लहान मुलांना उचलायला बनवलीय. उडवायला नाही."

"माझ्या नातीसाठी आणलीय मी," आर्वो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि तेच एल्माला सहन झालं नाही. माणूस प्रेमाने चुकतो आणि मग त्याच्या चुकीलाही प्रेमाचा मान द्यावा लागतो. ती म्हणाली, "तुझ्या नातीच्या खांद्याला ते कळणार नाही."

हात वर झाले. पाच बाजूने. एक विरोधात. पाटीवर नाव हवं असेल तर नव्या रायफलीनेच बार करायचा, असंही लगेच ठरलं. लेस्टरने पाव पुढे केला. एल्माने घेतला नाही.

रविवारी खड्ड्यात पातळ बर्फ पडला होता. बायकांनी मांस-बटाट्याच्या गरम पेस्ट्या टोपलीत झाकून आणल्या होत्या. मुलं रांगेत होती. सगळ्यात पुढे टिल्डा. ती एल्माकडे बघून हसली. नव्या रायफलीच्या धक्क्याबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं. आर्वोने कुणाला काही सांगू दिलं नव्हतं.

एल्मा टेबलापाशी गेली आणि नव्या रायफलीवर तळहात ठेवून उभी राहिली.

"मुलांच्या आधी समिती," ती म्हणाली. बस चालवताना मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "मुलांची रायफल आहे ना? मग मोठ्यांना काय अवघड? पाच बार. कोट काढून."

"न्यूमोनियाने मरू आम्ही," लेस्टर म्हणाला.

"टिल्डाच्या खांद्यावर जेवढं मांस आहे, तेवढं तुझ्या कोटाचं अस्तर जाड आहे. काढ."

बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "काढा की. काय बिघडतंय?" मग आणखी दोघीतिघी तेच म्हणाल्या. आर्वोने लेस्टरकडे पाहिलं, लेस्टरने बुटांकडे. आर्वोने कोट काढून टोपलीवर टाकला आणि तो बसला.

रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी. भरायचं काम एल्माने घेतलं.

पहिला बार. आर्वोचा खांदा मागे फेकला गेला. निशाणाच्या कागदाला भोक पडलं, कडेला का होईना. दुसरा. तिसऱ्याला त्याने बसण्याची ढब बदलली. "मजबूत आहे," तो म्हणाला. एल्माने खिशात हात घातला, काडतूस भरलं आणि ती मागे झाली.

आर्वोने नेम धरला. चाप ओढला.

नुसतं टिक् झालं.

बार उडालाच नाही. पण आर्वोचा सगळा देह उडाला. नळी वीतभर खाली गेली, खांदा मागे फेकला गेला, दात आवळले, डोळे घट्ट मिटले. धक्का नव्हताच आणि सहासष्ट वर्षांचा माणूस धक्क्याला भिऊन आक्रसला होता. सगळ्या गावासमोर. शांततेत.

"उक्की," टिल्डा आजोबांना म्हणाली, "तू डोळे मिटलेस."

आर्वोने डोळे उघडले. "फुसकं निघालं काडतूस."

"फुसकं नाही. रिकामं," एल्मा म्हणाली. तिने ते काढून त्याच्यासमोर ठेवलं. "दारूच नव्हती त्यात. मी मुद्दाम भरलं."

"माझं हसं केलंस तू?"

"कोण हसतंय? बघ ना मागे वळून. आहे कुणी हसणारं?" "मी पडले तेव्हा सगळे हसले होते, आर्वो. तू पण. बारा वर्षांचा होतास, माझ्या बापाच्या शेजारी उभा होतास. त्याच्या तीन वर्षं आधी तू पडलास, तेव्हा तुला कोण हसलं ते आठवतं? आठवतं ना? मग तुझ्या पोरीला पाडलंत. आता तिची पोर. आणि वर पाटी लावता. हंगामात दलदलीत हरणं कळवळत मरतात ती कशाने? तुमच्या मिटलेल्या डोळ्यांनी. चौपन्न वर्षं बघतेय मी. मार खाल्लेल्यांची यादी आहे ती पाटी, आणि तुम्ही तिला दर वसंतात पॉलिश करता!"

आर्वोने टोपी काढून कपाळ पुसलं. टोपीखाली, उजव्या भुवईवर, तशीच चंद्रकोर होती. गावात कुणाला ती नवी नव्हती. कितीजणांच्या कपाळावर होती. आज मात्र बायका त्या व्रणाकडे बघत राहिल्या.

तो उठला. कोट घातला, बटणं लावली. घाई नाही.

"टिल्डा, चल घरी."

"मला बार करायचाय," टिल्डा म्हणाली. "मिस एल्माच्या रायफलीने."

"तिच्या रायफलीने केलास तर पाटीवर नाव लागत नाही. ठराव आहे तसा."

एल्मा थक्क झाली. इतकं होऊनही! पण आता हे पोरीने ठरवायचं होतं.

टिल्डाने विचार केला. दहा वर्षांचं मूल करतं तसा, खालचा ओठ चावत. पाटीवर तिच्या आईचं नाव होतं. तिच्या मामाचं होतं.

"मग नको लावू," ती म्हणाली आणि जाऊन बसली.

एल्माने तिची रायफल आणली. जड, मध्यम काडतुसाची, दस्ता कापलेली. वाळूची पिशवी सरकवली. कानांवरची टोपणं नीट केली. "सावकाश," ती म्हणाली. "तुला माहीत आहे सगळं."

टिल्डाने गाल दस्त्याला लावला. अर्धा श्वास सोडला.

बार उडाला. मागे कुणीतरी ओरडलं. कुणी टाळ्या वाजवल्या. कागदावर काय झालं ते एल्माने पाहिलं नाही. पापणी हलली नव्हती. उजवा डोळा उघडा होता, शांत, पाणीदार, आणि अजून समोरच बघत होता.

एल्माने मान वर केली. आर्वो गेला नव्हता. टेबलाच्या पलीकडे, टोपी हातात धरून तो उभा होता. तोही निशाणाकडे बघत नव्हता. तो नातीच्या डोळ्याकडे बघत होता, तोंड किंचित उघडं टाकून, जणू असं काही करता येतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

एल्माला त्याची दया आली नाही. अजून तरी नाही.

"दुसरं दे," टिल्डा म्हणाली, आणि एल्माने काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं.