सुमनबाय आणि आमचा रविवारचा कंपू

फोटोंचं एक बरं असतं. अल्बम भरला की तो कपाटात ठेवता येतो. किश्शांना कपाट नाही. ते डोक्यात कुठेही पडून राहतात आणि कचेरीत जुनी फाईल शोधताना, दाढी करताना, कुणाच्या तेराव्याला जेवायला बसल्यावर मध्येच वर येतात. आमच्या कंपूचे एवढे साचलेत की परवा बायको म्हणाली, "एकदा सगळे सांगून टाका, म्हणजे घरात जागा होईल." म्हणून सांगतो.

पेडण्याला अजून रेल्वे यायची होती, त्या वेळच्या या गोष्टी. कॅमेऱ्यात रोल घालायचा, छत्तीस फोटो काढायचे, म्हापशाला धुवायला टाकायचे आणि आठवडाभर वाट बघायची. कंपूत आम्ही चौघं. सर्वणचे रोहिदास मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, ते आमचे म्होरके. दत्ता सावंतवाडीकडचा, डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. मी पेडण्यात कारकून. आणि पेडण्याच्याच सुमनबाय, ब्लाउज शिवणाऱ्या. दर रविवारी सकाळी डिचोलीच्या बसस्टँडवर जमायचं आणि पाय नेतील तिकडे जायचं.

*

सुमनबाय कंपूत आल्या त्या कॅमेरा विकायला. त्यांचा नवरा बोटीवर नोकरीला होता, त्याने परदेशातून आणलेला. तो गेल्यावर कॅमेरा चार वर्षं टॉवेलात गुंडाळून कपाटात पडला होता. मास्तरांनी लेन्स उजेडात धरून पाहिली. आतून बुरशी आली होती.

"विकायचा असेल तर असाच विका," मास्तर म्हणाले. "वापरायचा असेल तर साफ करून देतो, रविवारी या."

सुमनबायनी कॅमेरा परत टॉवेलात गुंडाळायला घेतला. मग म्हणाल्या, "रविवारी कितक्या वाजता?"

घरी त्यांनी नार्व्याला देवदर्शनाला जाते म्हणून सांगितलं. खोटंही नव्हतं, कारण पहिल्या रविवारी आम्ही नार्व्यालाच गेलो. देवळाबाहेर चहा पिताना त्या सहज बोलल्या ते मला अजून आठवतं. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे ब्लाउज त्यांनी शिवलेले, पण विधवा झाल्यापासून एकाही लग्नात त्या पुढे उभ्या राहिल्या नव्हत्या. घरात मुलगी होती, वैजू, तेव्हा अकरावीत. "तिच्या लग्नात मी खंय असतलंय, तां माका आताच दिसता," त्या म्हणाल्या. "फाटल्या दारात." म्हणजे मागच्या दारी.

आम्ही तिघं पुरुष. चहात बघत बसलो.

*

त्यांचा पहिला रोल धुऊन आला आणि मास्तरांनी फोटो टेबलावर एकेक करून मांडले. शेतात वाकलेल्या बायका, पाठमोऱ्या. फेरीबोटीच्या कठड्याशी उभी माणसं, पाठमोरी. देवळाच्या पायऱ्या चढणारं कुटुंब, पाठमोरं. छत्तीस फोटो आणि एकाचंही तोंड नाही!

मास्तर सहसा कुणाला दुखवत नसत. त्यांनी चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "सुमनबाय, माणसाक तोंड आसता."

"आसता," सुमनबाय म्हणाल्या. "पण तोंडाक इचारूचां लागता."

माझ्या अल्बमात तेव्हा बहुतेक सूर्यास्त होते. सूर्याला काही विचारावं लागत नाही. मी त्या दिवशी माझे फोटो पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत.

*

दत्ताचं वेगळं होतं. तो खाणीवरच्या ड्रायव्हरांचे फोटो काढायचा आणि ते आपापल्या गावी पाठवायचे. एकदा त्याच्या शेजारच्या गावचा एकजण नवा पांढरा शर्ट घालून आला. आईला फोटो पाठवायचा होता, ट्रकजवळ उभं राहून काढलेला. आम्हीही त्या रविवारी तिथेच होतो. नेमकी दत्ताला हाक आली, त्याचा ट्रक वाटेत उभा होता तो काढायला. जाता जाता तो सुमनबायना म्हणाला, "तुम्ही काडा. मी इलंय."

सुमनबायनी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात शेजारून भरलेला ट्रक गेला आणि धुरळा खाली बसेपर्यंत पांढरा शर्ट तांबडा झाला होता. सुमनबाय लगबगीने पुढे झाल्या. "थांबा, पुसतंय. नायतर पुढच्या रविवारी काडूया."

ड्रायव्हर म्हणाला, "असोच काडा, बाय. घराक मी असोच जातंय."

त्यांनी काढला. समोरून काढलेलं ते त्यांचं पहिलं माणूस. फोटो इतका चांगला आला की दत्ता दोन रविवार आमच्याशी धड बोलला नाही.

*

सुमनबाय डिचोलीपर्यंत नेहमी बसने यायच्या, म्हापशाला बस बदलून. परपुरुषाच्या गाडीवर बसायचं नाही हा त्यांचा नियम. नियम त्यांचा म्हणण्यापेक्षा त्यांच्या थोरल्या दिरांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. घर त्यांच्या शब्दावर चाले, आणि माणूस वाईट नव्हता. भावाच्या मागे त्यानेच दोघींना सांभाळलं होतं.

एका रविवारी दत्ता पेडण्यात मुक्कामाला होता. सुमनबायची बस चुकली. दत्ताने मोटरसायकल थांबवली. स्टॉपवर उभ्या असलेल्या सगळ्या लोकांसमोर सुमनबाय मागे बसल्या आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आल्या. उतरल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला.

संध्याकाळी त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आबांनी विचारलं, "दत्ताच्या गाडयेर बसलंस?"

"व्हय. बस चुकली."

"लोक बोलतत."

"माका कोण कायच बोलूक नाय," सुमनबाय म्हणाल्या आणि भात टाकायला आत गेल्या. हे त्यांनीच आम्हाला पुढच्या रविवारी सांगितलं. त्यानंतर देवदर्शनाचं निमित्त बंद झालं. फोटो काढायला जातंय, असं सांगून त्या निघू लागल्या.

*

मग आम्ही लांब जायला लागलो. हंपीला गेलो तेव्हा सुमनबाय हरवल्या. दोन तास आम्ही दगडधोंड्यांतून हाका मारत फिरलो. शेवटी सापडल्या त्या झाडाखाली एका केळीवालीशेजारी, फतकल मारून बसलेल्या, केळं खात. केळीवालीचा फोटो काढून झाला होता आणि ती त्यांना आपल्या सुनेबद्दल काहीतरी रागारागाने सांगत होती, कन्नडमध्ये.

"तुम्हाला कळतंय?" मी विचारलं.

"सून सगळीकडे एकच," त्या म्हणाल्या.

ज्या बाईने कंपूत येईपर्यंत म्हापशाच्या पुढे एकटीने पाऊल टाकलं नव्हतं, तिला त्या दिवशी आम्ही शोधत होतो आणि ती हरवलेली नव्हतीच. मला तिचा हेवा वाटला. तो मी आज पहिल्यांदाच कबूल करतो.

*

सर्वणला मास्तरांच्या शेजारी एक म्हातारे वारले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. भिंतीवर लावायला एक तरी हवा म्हणून मुलगा मास्तरांकडे धावत आला. रविवार होता, आम्ही तिथेच होतो. मास्तरांनी उंबऱ्यापाशीच कॅमेरा माझ्या हातात दिला. मी तो सुमनबायपुढे धरला. सुमनबायनी फोटो काढला, नीट, चादर सारखी करून, म्हाताऱ्याचे केस बसवून.

मग त्यांनी विचारलं, "आजी खंय?"

आजी आतल्या खोलीत अंधारात बसल्या होत्या. सुमनबाय त्यांच्याजवळ बसल्या. "तुमचो फोटो आसा?"

आजींनी मान हलवली.

"जनेलाकडे येवा," सुमनबायनी खिडकीकडे बोट दाखवलं. "थंय उजवाड आसा."

"आता कित्याक गो?" आजी म्हणाल्या. "आता माका कोण बगतलो?"

"मी बगतंय," सुमनबाय म्हणाल्या.

मी अंगणात येऊन उभा राहिलो. मास्तर आधीच तिथे होते. त्यानंतर मी सूर्यास्त काढले नाहीत, म्हणजे मुद्दाम ठरवून नाही, पण काढावेसे वाटले नाहीत.

*

वैजूचं लग्न ठरलं. आबांनी सगळं अंगावर घेतलं. कन्यादान ते आणि त्यांची बायको करणार होते, रिवाजच तसा. वैजूने एकच अट घातली: फोटोग्राफर मी ठरवणार. आबा म्हणाले, ठरव. त्यांना वाटलं, म्हापशाचा कोणी असेल.

लग्नाच्या सकाळी सुमनबाय गळ्यात कॅमेरा घालून मांडवात आल्या.

आम्ही तिघं पाहुणे म्हणून पहिल्या रांगेच्या मागे बसलो होतो. मास्तरांनी आम्हाला बजावलं होतं, आपापले कॅमेरे घरी ठेवा. आबा सुमनबायच्या जवळ गेले आणि आवाज खाली ठेवून म्हणाले, "सुमन, फाटी राव. शुभकार्य आसा." सुमनबायनी ऐकलं. पण कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही आणि जागाही सोडली नाही. आबा तसेच उभे राहिले. पोरीच्या लग्नात तमाशा नको म्हणून असेल, पण मग ते आपल्या जागी परतले. आजूबाजूला कुजबूज सुरू झाली.

भटजी म्हणजे पेडण्यातले सगळ्यात कडक. मुहूर्तासाठी ते नवऱ्याच्या मामालाही थांबत नसत. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. सुमनबाय कधी वैजूच्या बाजूने, कधी नवऱ्याच्या. शेवटचं मंगलाष्टक उरलं, लोकांनी हातात अक्षता घेतल्या, आणि मला दिसलं की सुमनबायच्या कॅमेऱ्याची खटकी फिरत नाही. रोल संपला होता. सकाळपासून त्यांनी तो मागच्या दारातल्या बायकांवर घालवला होता. नारळ किसणाऱ्या, केळीची पानं पुसणाऱ्या, मांडवात न येणाऱ्या सगळ्याजणी त्यांनी एकेक करून समोरून काढल्या होत्या आणि मोजायचं विसरल्या होत्या.

त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. दत्ता पुढे व्हायला लागला, मास्तरांनी त्याला हाताला धरून मागे ओढलं.

भटजी थांबले. "कितां जालां, बाय?"

"रोल सोंपलो."

"भटजी, तुम्ही चलूंदे," आबा म्हणाले. "मुहूर्त टळतलो."

भटजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. "मुहूर्त माका कळता, आबा," ते म्हणाले आणि सुमनबायकडे वळले. "तूं रोल भर. सावकाश भर."

सुमनबाय तिथेच, मांडवाच्या मधोमध, बोहल्याच्या पायरीवर बसल्या. कॅमेरा मांडीवर घेतला, जुना रोल गुंडाळला, पदराची सावली करून झाकण उघडलं आणि नवा घातला. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले असतील, पण कुणी खाली घेतला नाही. अख्खा मांडव मुठीत अक्षता धरून उभा होता.

झाकण लागल्याचा आवाज आला. भटजींनी विचारलं, "जालां?"

सुमनबाय उठल्या, वैजूच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आता म्हणा."