दुधाच्या पिशवीतलं गवत

"शेण चिवडते, पन तोंड उघडत नाय गो ही," गोठ्याच्या पलीकडून धर्माकाका बायकोला सांगत होते. मी अलीकडे उकिडवी बसून डबीत शेण भरत होते. सगळं ऐकू आलं, तरी मान वर केली नाही.

पनवेलच्या खाडीकाठी त्यांचं गाव. कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी मी सुकापूरहून रोज सकाळी रिक्षा करून तिथे जायची. किनाऱ्यावर नव्याने लावलेली तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं कोणीतरी खात होतं, आणि सगळ्यांचं बोट काकांच्या अकरा म्हशींकडे होतं. ते खरं ठरलं तर खाडीकडची चराई बंद होणार होती. बाकीच्या शेतांचे प्लॉट पडले होते. चराई बंद म्हणजे म्हशी विकणं, हे काका जाणून होते. म्हशी काय खातात ते शेणावरून सांगणं, हे माझं काम.

"शेणावरनं कसं काय कळतं?" काकांनी एकदा विचारलं. मी इंग्रजी शाळेतली. मराठीत समजावायचं म्हणजे आधी मनात जुळवाजुळव. पानावर मेणाचा पातळ थर असतो, प्रत्येक झाडाचं मेण वेगळं, पान पोटात पचतं पण मेण बरंचसं तसंच बाहेर येतं, मग शेणातलं मेण आपण आणलेल्या पानांच्या मेणाशी ताडून पाहायचं, असं मी कसंबसं सांगितलं. काकांनी परसातलं अळूचं पान खुडलं, त्यावर लोट्यातलं पाणी ओतलं. थेंब घरंगळून गेले. "हे मेण ना? म्हंजे तुमी शिकलेली मानसं पन शेवटी म्हशीलाच इचारता!"

तेव्हापासून ते त्यांचं पालुपदच झालं. पाऊस कधी थांबेल, खाडीवर पूल कधी होईल, काहीही विचारा, "मला काय इचारतेस, म्हशीला इचार."

ते कायम कळपाच्या मागे चालत. हातातली काठी चिखलाची खोली पाहण्यापुरती. म्हशीवर ती उगारलेली मी पाहिली नाही. कळपातली एक काळी म्हैस कधी रेकत नसे. तिच्या पाठीवर थाप मारत ते मला म्हणाले, "ही पन तुज्यासारकीच. बोलत नाय. पन लाथ मारते." मला हसू आलं, ते मी रुमालात लपवलं.

म्हशी ज्याला तोंड लावतात ते प्रत्येक रोप कापून आणायचं, असा नियम होता. बांधाखाली, गुडघाभर चिखलात, एक बारीक खारं गवत होतं. काका म्हणाले, "ह्ये पन घे. ओहोटीला ह्येच खातात." मी चिखलाकडे पाहिलं आणि "नंतर" म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून ते गवत त्यांनीच माझ्या हातात ठेवलं. त्यांचे पाय मांडीपर्यंत चिखलाने माखलेले होते.

त्या आठवड्यात मी फार थकले होते. यादीतल्या तेवीस रोपांचं मेण काढून झालं होतं. चोविसावं घ्यायचं तर प्रकल्पाच्या सरांना सांगावं लागणार, ते चिडणार. पिशवी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात राहिली. वास यायला लागला तेव्हा मी ती कचऱ्यात टाकली. यादीत नसलेल्या रोपाचं मेण आमचं गणित यादीतल्याच कुणाच्या तरी नावावर टाकतं, हे मला माहीत होतं. फार फरक पडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

काका जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ते बैठकीतलेच दिसतात.

चराईचा निर्णय करायची ती बैठक देवळाच्या मंडपात होती. पाहणीला आलेले साहेब खुर्चीवर, गावकरी सतरंजीवर. सरांनी अहवाल वाचला: शेणात तिवराचं मेण बरंच आढळलं. साहेबांनी काकांना विचारलं, "काही म्हणायचंय?"

मला वाटलं, ते भांडतील. ते उठले, टोपी काढून हातात धरली.

"मी रोज म्हशींच्या मागं असतो. तिवराला तोंड लावलेलं मी बगितलं नाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पन मेण खोटं बोलत नाय, असं या पोरीनं सांगितलंय. चांगली पोर हाय. मंग माजीच नजर कमी झाली असंल."

ते खाली बसले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. सर कागद आवरू लागले. मी उभी राहिले.

"काकांची नजर बरोबर आहे," मी म्हणाले. "एक गवत यादीत नाही. काकांनी ते चिखलात उतरून मला आणून दिलं होतं. मी ते फेकून दिलं."