कारण : चालू होत नाही

तो लॅपटॉप घ्यायला मला स्टेजवर दोनदा जावं लागलं. पहिल्या वेळी फोटोत पाहुण्यांचा चेहरा नीट आला नाही, म्हणून एचआरच्या मॅडमनी माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला, परत पाहुण्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, पुन्हा एकदा या. जरा हसत या." मी हसत गेलो. चाकणच्या त्या कंपनीत एकोणीस वर्षं काढली होती. सहा ठेकेदार बदलले, मी तोच राहिलो. एवढ्या वर्षांत माणसाला सांगितल्यावर हसता येतं.

कार्यक्रम कँटीनमध्ये होता. कामगारांच्या शिकणाऱ्या मुलांना कंपनीचे जुने लॅपटॉप भेट द्यायचे, असं वरून ठरलं होतं. सगळे लॅपटॉप काळे, एकाच जातीचे, पुसून लख्ख केलेले. प्रत्येकाच्या पोटाखाली 'सप्रेम भेट' लिहिलेला मोठा पांढरा स्टिकर, त्यावर एका झाडाचं चित्र. मला त्या दिवशी खरंच आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. रहाटणीला उतरेपर्यंत कंपनीच्या बसमध्ये मी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

आनंदाला कारण होतं. माझी मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती आणि येत्या रविवारी सकाळी दहाला तिची एका सॉफ्टवेअर कंपनीची परीक्षा होती. परीक्षा घरूनच द्यायची, पण मोबाइलवर चालणार नाही. कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर पाहिजे आणि खोलीत दुसरं कुणी नको, त्यामुळे सायबर कॅफेही बाद. वर्गातल्या ज्या मुलींकडे लॅपटॉप होते, त्या सगळ्या त्याच वेळी तीच परीक्षा देणार होत्या. आमच्या गल्लीत एकाकडे होता, त्यानं "ऑफिसचा आहे हो" म्हणून हात जोडले. ही परीक्षा पास झाली की नोकरी नक्की असं नव्हतं, पण पुढच्या मुलाखतीचं दार तिथूनच उघडणार होतं. तिनं त्यासाठी वर्षभर मैत्रिणींच्या घरी जाऊन, त्यांच्या सवडीनं, त्यांच्या मशीनवर अभ्यास केला होता.

सोमवारी संध्याकाळी बायकोनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. पोरीनं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक पांढरी ओळ येऊन थांबली. मी म्हणालो, "थांब. जुनं मशीन आहे, दहा मिनिटं घेतं." लाइनवर मी असल्या मशीनशी वर्षानुवर्षं झगडलो होतो, त्यामुळे मला त्यांच्या खोडी माहीत होत्या.

"बाबा, दहा मिनिटांनी काही होणार नाही," ती म्हणाली. "ह्यात हार्ड डिस्कच नाहीये. सगळं ज्याच्यात साठवतात तो भागच काढून घेतलाय."

"काढून घेतला?" बायको म्हणाली. "देताना कुणी काढून घेतंय का?"

घेतात. कंपनीचा नियमच आहे, मशीन गेटबाहेर जाताना डिस्क काढून ठेवायची, म्हणजे कंपनीची माहिती बाहेर जात नाही. फक्त देणाऱ्यांपैकी कुणालाच हे सांगावंसं वाटलं नाही. धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं म्हणून मी तेव्हा विषय हसण्यावारी नेला.

बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी काळेवाडीच्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. जुने लॅपटॉप, मोबाइल दुरुस्त करणारा माझ्याच वयाचा माणूस. नुकताच नमाज पढून आला होता, टोपी अजून डोक्यावर होती. मी परीक्षेचं सांगितलं तेव्हा त्यानं हातातलं दुसरं काम बाजूला सारलं. "बेटीचा पेपर आहे ना, मग आधी तुमचंच," म्हणाला. त्याच्याकडे एक जुनी डिस्क पडून होती. ती बसवायला त्यानं लॅपटॉप उलटा केला, सगळे स्क्रू काढले, तरी झाकण निघेना. एक स्क्रू त्या 'सप्रेम भेट'खाली होता. त्यानं गरम हवा मारून स्टिकर अलगद सोलला.

खाली दुसरा स्टिकर होता. लाल.

तो मी ओळखला. त्यावरचं अक्षरही ओळखलं, कारण ते माझं होतं. 'कारण : चालू होत नाही. निर्णय : स्क्रॅप.' खाली माझा टोकन नंबर आणि माझी सही.

कंपनीबाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे ऑडिट नावाचा सण असतो. ऑडिटवाल्यांना दाखवायचं असतं की कामगार आपापली जागा सतत तपासतात आणि बिघडलेली, नको असलेली वस्तू लाल टॅग लावून बाहेर काढतात. कल्पना चांगली आहे. पण कल्पनेला आकडा चिकटला की तिचं जे होतं तेच झालं. प्रत्येक स्टेशननं, म्हणजे लाइनवरच्या प्रत्येक कामाच्या जागेनं, महिन्याला दोन लाल टॅग द्यायचेच. पहिल्या वर्षात खरंच मोडकं होतं ते सगळं गेलं. मग धडधाकट स्टूल गेले, चालते पंखे गेले, पाने-पकडी गेल्या. टॅग लावलेल्या वस्तू शेडमागे पत्र्याखाली जाऊन पडायच्या आणि आम्ही त्याच वस्तू पुन्हा मागवायचो. सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं.

माझ्या स्टेशनवरचा लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा, पण व्हायचा. तापायचा, पण चालायचा. वर्षापूर्वी एका ऑडिटच्या आदल्या दिवशी मला एक टॅग कमी पडत होता. सुपरवायझर म्हणाला, "लॅपटॉपला लाव की राव, नवा तरी मिळेल." 'हळू चालतो' असं लिहिलं तर स्क्रॅप होत नाही, म्हणून 'चालू होत नाही' लिहिलं. अर्धं मिनिट लागलं. त्या महिन्यात सगळ्यात चांगलं स्टेशन म्हणून आम्हाला स्टीलचे डबे मिळाले. माझा डबा मी मुलीला कॉलेजला न्यायला दिला.

दुकानदार लाल स्टिकर वाचत होता. "चालू होत नाही? किसने लिखा भाई हे? बोर्ड तर मस्त आहे ह्याचा."

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

त्यानं डिस्क बसवली. पण तिच्यावर सगळं नव्यानं भरायचं तर आधी मशीननं परवानगी द्यायला पाहिजे, आणि मशीन पासवर्ड मागत होतं. कंपनीनं आतून लावलेलं कुलूप. तो तासभर खटपट करत होता. शेवटी म्हणाला, "चिप बदलावी लागेल. पार्ट मागवायला आठ दिवस जातील. तुमच्या कंपनीतून पासवर्ड आणा, मी दहा मिनिटांत चालू करून देतो." निघताना त्यानं 'सप्रेम भेट' मीच सांगितलं म्हणून परत चिकटवून दिला. तो थोडा तिरका बसला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी आयटीच्या खोलीत गेलो. तिथला पोरगेला इंजिनिअर वाकडला राहणारा, सरळ स्वभावाचा. त्यानं मशीनचा नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

"काका, हा तर स्क्रॅप आहे. कारण, चालू होत नाही. जो चालूच होत नाही त्याचा पासवर्ड कसा देऊ?"

"होतोय चालू. कालच बघितला."

"मग स्क्रॅप कसा केला?" त्यानं खालचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "एक करा. टॅग चुकून लागला, मशीन चालू आहे, एवढं दोन ओळीत लिहून द्या. तुमच्या सहीनं. मी लगेच कुलूप काढून देतो."

दोन ओळी. मी सुपरवायझरकडे गेलो. त्यानं मला पार्किंगच्या बाजूला नेलं.

"भाऊ, डोकं ठिकाणावर आहे का? एक टॅग खोटा निघाला तर सगळे उकरतील. मग माझं जाईल आणि तुझं जाईल. आणि पर्मनंटची यादी ह्याच महिन्यात लागायचीय. तुझं नाव आहे त्याच्यात. मी घातलंय." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "सही तुझी आहे. लिहायचं तर तू लिही. मी अडवत नाही."

शुक्रवारी मी कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कागद घेऊन बसलो. तारीख लिहिली. टोकन नंबर लिहिला. 'माझ्याकडून चुकून' इथपर्यंत लिहिलं. समोरच्या नोटिस बोर्डावर त्या कार्यक्रमाचा फोटो लागला होता. पाहुण्यांचा चेहरा छान आला होता आणि मी हसत होतो. माझ्या डोक्यात तेव्हा एकोणीस वर्षं होती, घराचं भाडं होतं, आजारपणात मिळणारी रजा होती. मुलगीही होती, पण तिला मी म्हणालो, परीक्षा काय, पुन्हा येईल. असं मनातल्या मनात म्हटलं की समोरचा उत्तर देत नाही, त्यामुळे पटतं. मी कागद चार वेळा फाडला आणि ताटातल्या उष्ट्याबरोबर टाकून दिला.

कुणावर ओरडावं तर कुणावर? एचआरवर ओरडावं, तर ते म्हणणार, चालत नाही असं तुम्हीच लिहिलंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त तोंड दाबणारा हातही माझाच होता. मला अजून त्या कंपनीचा राग येतो. चालत नाही म्हणून फेकलेली वस्तू चालते की नाही हेही न बघता, वर झाडाचं चित्र चिकटवून लेकरांना द्यायची आणि टाळ्या घ्यायच्या, ह्याला दान म्हणत नाहीत. पण राग धरून बसलो की शेवटी फिरून माझ्याच सहीवर येतो.

शनिवारी संध्याकाळी मी घरी सांगितलं, "पासवर्ड देत नाहीत."

"विचारलंत तुम्ही?" मुलीनं विचारलं.

"विचारलं."

"मग काय म्हणाले?"

"मशीन स्क्रॅप आहे म्हणाले. कागदोपत्री."

ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. ती थोडा वेळ लॅपटॉप उलटासुलटा करत बसली. मग आत गेली आणि भाकरी थापायला आईला मदत करू लागली.

रविवारी दहा वाजता तिनं मोबाइलवर एकदा प्रयत्न केला. कॉम्प्युटर वापरा, असा निरोप आला. तिनं तो मला दाखवला नाही, बायकोनं सांगितलं. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. खोलीत दुसरं कुणी नको, हा नियम आम्ही सकाळपासून पाळला होता, बायको तर साडेनऊलाच शेजारी जाऊन बसली होती. साडेदहाला मुलीनं दार उघडलं आणि म्हणाली, "या आत. चहा करते."

महिनाअखेर यादी लागली. माझं नाव होतं. मी पेढे आणले. तिनं पेढा खाल्ला, पाया पडली, "अभिनंदन बाबा" म्हणाली. ती परीक्षा पुन्हा आली नाही. त्या कंपनीनं पुढच्या वर्षी त्या कॉलेजकडे बघितलंही नाही. पार्ट मागवून लॅपटॉप नंतर चालू झाला. आजही चालतो, दहा मिनिटं घेतो. त्यावर बायको भजनं लावते.

मुलगी आता चाकणलाच आहे. आमच्या नाही, दुसऱ्या कंपनीत, वायरिंगच्या लाइनवर, ठेकेदाराकडे. बीसीए झालेल्या तिथं आणखी तिघी आहेत. मी सुटीला असलो की तिचा डबा भरून देतो. स्टीलचा तोच.

मागच्या आठवड्यात ती कामावरून आली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. आवाजात राग नव्हता. खरंच अडलं म्हणून माणूस विचारतो, तसं तिनं विचारलं.

"बाबा, उद्या आमच्याकडे ऑडिट आहे. माझ्या टेबलाला एक लाल टॅग कमी पडतोय आणि मोडलेलं काहीच नाही. एक टेस्टर आहे, जरा हळू चालतो. त्याला 'चालू होत नाही' लिहू ना? तुम्ही लिहिलं होतं तसं?"

त्या शनिवारी लॅपटॉप उलटासुलटा करताना तिला तो तिरका स्टिकर दिसला होता, आणि त्याच्याखालचा लालही. माझं अक्षर तिला पहिलीपासून माहीत आहे. तिच्या पाटीवर ते मीच गिरवून दिलं होतं.

ती उत्तराची वाट बघत बसली होती, आणि त्या शुक्रवारी फाडलेल्या दोन ओळी मला अजूनही लिहायच्याच होत्या.