पडद्यामागचं अस्वल

मी एका गिरणीत टाइमकीपर आहे. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे लिहून ठेवणं माझं काम. या कामाने मोजायची सवय लागली आणि ती घरीही आली. जिना चढताना मी पायऱ्या मोजतो, जेवताना भाकऱ्या मोजतो. बायको म्हणते, लग्नात मी मंगलाष्टकंसुद्धा मोजली असतील. मोजली होती, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

कार्टूनचा नाद मला पस्तिशी उलटल्यावर लागला. एका शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो, तेव्हा हाफिसातल्या एकाने जास्तीचं तिकीट हातात ठेवलं आणि मी फोर्टातल्या एका इंग्रजी थिएटरात जाऊन बसलो. मुख्य चित्रात कोट घातलेली माणसं एका खोलीत बसून दीड तास बोलत होती. ती काय बोलत होती हे मला निम्मंच कळलं, आणि उरलेलं कळलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण त्याआधी आठ मिनिटांचं एक कार्टून दाखवलं. एक लठ्ठ अस्वल नदीकाठी मासे धरायला येतं आणि एक बगळा त्याचे मासे पळवतो. एवढीच गोष्ट. अस्वल दोर लावतं, शिडी लावतं, कड्यावरून धोंडा ढकलतं, आणि दर वेळी स्वतःच त्या धोंड्याखाली सापडतं. बगळा मासा गिळतो आणि डोळे मिटून एका पायावर उभा राहतो. असे बगळे भजनाला पहिल्या रांगेत बसलेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

अस्वल एकोणीस वेळा पडलं. आकडा पक्का करायला मी पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो, तर वीस भरले. पहिल्या खेपेला एकदा हसता हसता माझे डोळे मिटले होते, त्यात एक पडणं निसटलं. वीस वर्षांच्या नोकरीत माझी मोजणी हसण्यापायी कधी चुकली नव्हती. तिसऱ्या शनिवारी खातरजमेसाठी गेलो. चौथ्या शनिवारी मात्र खातरजमेचं कारण उरलं नव्हतं. कार्टून संपलं की मी उठायचो. दारावरचा माणूस माझ्याकडे संशयाने बघायचा.

मला त्यात काय आवडलं हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. आमच्या खात्यात एखाद्याचं बोट मशिनात गेलं तर ते परत येत नाही. इथे अस्वल धोंड्याखाली पापडासारखं चपटं होतं, अंग झटकतं, पुन्हा फुगतं आणि पुन्हा माशांकडे निघतं. शिवाय तिथे नियम आहेत आणि ते कडक आहेत. कड्यापलीकडे अस्वल हवेत चार पावलं चालतं. खाली बघेपर्यंत पडत नाही. बघितलं की पडतं. यात एकदाही सूट मिळालेली मी पाहिली नाही. आणि वीस वेळा पडूनही ते शहाणंही होत नाही, कडवटही होत नाही. माणसांत मला यातलं एक तरी झालेलंच दिसतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. लालबागेतल्या आमच्या चाळीत चहाबरोबर सभेची बातमी यायची. मीही मोर्चात चाललेलो आहे, शिवाजी पार्कावर उभा राहून भाषणं ऐकली आहेत, आणि त्याबद्दल मला काही वेगळं सांगायचं नाही. फक्त त्या वर्षी गणपतीच्या दहा संध्याकाळींपैकी नऊ संध्याकाळी भाषणं आणि पोवाडे ठरले. उरलेली आठव्या दिवसाची संध्याकाळ नेहमीप्रमाणे चित्रपटाची होती. उत्सवाचा चिटणीस मी. चाळीच्या सभेत मी सुचवलं की यंदा पौराणिक चित्रपट नको, अस्वलाची तीन कार्टूनं आणू. ग्रँट रोडला भाड्याने मशीन देणाऱ्याकडे ती आहेत, हे मी आधीच बघून आलो होतो.

तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते उठून म्हणाले की मराठी माणूस आपल्या भाषेसाठी रस्त्यावर आलेला असताना चिटणिसांनी इंग्रजी खेळ आणावा, हे त्यांच्या समजुतीपलीकडचं आहे. मी म्हटलं, अस्वल एक शब्दही बोलत नाही. बगळाही बोलत नाही. शेवटी ‘समाप्त’ अशा अर्थाचं काहीतरी येतं, तेवढ्यापुरते मास्तरांनी डोळे मिटावेत. लोक हसले. आमच्याकडे एका खोलीचा एक हात अशी मोजणी असते. हात वर झाले आणि कार्टून मंजूर झालं.

इतकं सगळं ठीक होतं. पण सभा चालू असताना बायका वरच्या गॅलरीत उभ्या असतात. हात नवऱ्यांचे, कान बायकांचे. तिथून माझ्या बायकोने विचारलं की बायकांनी बसायचं कुठे.

इथे आमची पद्धत सांगायला हवी. दोन धोतरं मधोमध शिवून पडदा करायचा, तो चौकात दोन खांबांना बांधायचा आणि पाणी मारून ओला करायचा. कापड ओलं असलं की चित्र आरपार दिसतं आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसू शकतात. मशीनच्या बाजूला पुरुष, पलीकडे नळाच्या बाजूला बायका. नळाकडून जिना जवळ, चुलीवरचं बघून यायला बरं, असं त्याचं कारण. ही बसण्याची व्यवस्था अकरा वर्षं मीच लावत आलो होतो.

मी म्हटलं, नेहमीच्या जागी.

ती म्हणाली, यंदा आम्हाला पुढून बघायचंय.

मी तिला आकड्यांनी समजावलं, आणि ते सगळ्या चाळीसमोर. पडद्यापासून पहिली रांग दोन्हीकडे बारा फुटांवर. पडद्याची उंची दोन्हीकडे तीच. मागून चित्र उलटं दिसतं हे खरं, पण उलट्याने अडतं ते वाचताना, आणि इथे वाचायला काही नाही. धोंडा अस्वलाच्या डाव्या अंगावर पडला काय नि उजव्या अंगावर पडला काय, अस्वल सारखंच चपटं होतं. तेव्हा दोन बाजूंतला फरक शून्य.

तिने सगळं निमूट ऐकून घेतलं. तिने असं निमूट ऐकलं की मी सावध व्हायला हवं होतं.

“शून्य? नक्की?” तिने विचारलं.

“नक्की.”

“मग आम्ही पुढे बसतो. तुम्ही सगळे मागे बसा. तुम्हाला काय, फरकच नाही.”

गॅलरी हसली. मी काही बोलणार तोच हेडमास्तर उठले. मघाचा चिमटा त्यांना लागलेला होता. ते म्हणाले की चिटणिसांचा आकडा आजवर चुकलेला नाही, तेव्हा वहिनींच्या सूचनेला हरकत घेणं म्हणजे चिटणिसांवर अविश्वास दाखवणं. आता मी नाही म्हणालो असतो, तर अकरा वर्षं बायकांना वाईट जागी बसवल्याची कबुली झाली असती. मी हो म्हटलं. एवढीच अट घातली की पहिल्या रिळानंतर बाजू बदलायच्या.

घरी आल्यावर मी तिला विचारलं की हे कशासाठी. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “अकरा वर्षं मी त्या पडद्याची पाठ बघत्येय. एकदा तोंड बघायचंय मला.” यावर मी पडद्याला पाठ आणि तोंड नसतं असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

आठव्या दिवशी पाऊस नव्हता. सात वाजता आम्ही पुरुष नळाच्या बाजूला सतरंज्या टाकून बसलो. सतरंजी टाकल्या टाकल्या ओली झाली, कारण पडद्यावर मारलेलं पाणी उतारावरून नळाकडे येतं. हेडमास्तरांनी धोतर आवरून खुर्ची मागवली. आपण इतकी वर्षं पुढून पाणी मारत होतो, ते जात होतं कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

मग मशीन सुरू झालं. पडद्याच्या मधोमध एक पिवळाधमक गोळा उगवला आणि सरळ आमच्या डोळ्यांत आला. मशीनचा दिवा कापडातून आरपार दिसत होता. कडेला नदी दिसे, झाडं दिसत, कोपऱ्यात बगळ्याचा पायही दिसे. पण अस्वल चालत चालत मध्ये आलं की त्या गोळ्यात विरघळून जाई. नेमकं तिथे ते पडे. पलीकडे बायका हसून लोळत, आणि इकडे आम्ही डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून शेजाऱ्याला विचारत होतो की काय झालं. शेजारीही तेच विचारत होता. गोळ्याच्या दुसऱ्या बाजूने अस्वल बाहेर येई तेव्हा ते चपटं झालेलं असे, आणि का झालं ते आम्ही अंदाजाने ओळखत होतो.

मी मोजत होतोच. रीळ थिएटरातलंच होतं, वीस पडण्यांचं. मला दिसली तेरा.

रीळ संपलं. पहिल्या मजल्यावरची मालवणची आजी चुलीवरचं उतरवायला जिन्याकडे निघाली होती. तिला मी हलक्या आवाजात विचारलं की तो मधला गोळा दर वर्षी असतो का.

“तो सूर्य,” ती म्हणाली. “अकरा वर्सां तसोच आसा. तुका आज दिसलो?”

बायकांनी त्याला नावही ठेवलेलं होतं.

मी घंटा वाजवली आणि बाजू बदलायला सांगितलं. पडद्यापलीकडे कोणी उठलं नाही. मी पुन्हा वाजवली, मग वळसा घालून पुढे गेलो. पहिल्या रांगेत माझी बायको मांडी घालून बसली होती. तिचं तोंड हसून लाल झालं होतं.

“फरक शून्य आहे ना?” ती म्हणाली. “मग उठवताय कशाला?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मागून हेडमास्तरांचा आवाज आला, बराच नरमलेला. “अहो चिटणीस, सांगा की फरक आहे म्हणून. माझं सगळं धोतर भिजलंय.”

फरक नाही म्हणावं तर बायका उठत नाहीत. आहे म्हणावं तर माझा आकडा चुकला, आणि एक दिवस नाही, अकरा वर्षं चुकला. चाळीत माझ्याकडे दुसरं काही नाही. न गाता येतं, न भाषण करता येतं. माझा आकडा बरोबर असतो, एवढीच माझी पत. पण तेराला वीस म्हणायला माझी जीभ वळेना.

“फरक आहे,” मी म्हणालो. “अस्वल वीस वेळा पडतं. मागून तेरा वेळाच दिसतं. सात वेळा सूर्याआड जातं. मी चुकलो.”

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या आणि सतरंज्या उचलायला लागले. बायको मात्र तशीच बसून होती.

“मग आमच्या अकरा वर्षांचं काय?” तिने विचारलं. “तुम्हीच सांगा. तुमचा आकडा बरोबर असतो.”

हे तिने चिडवायला विचारलं की खरंच, मला कळलं नाही. पण प्रश्न मोजणीचा होता आणि त्याला उत्तर होतं. बायका अकरा वर्षं मागे, पुरुष अकरा वर्षं पुढे. न्यायाने बघितलं तर आता अकरा वर्षं उलट व्हायला हवं. त्यातलं हे पहिलं. मी ते तसंच मोठ्याने सांगितलं. बाजू बदलण्याची अट चुकीच्या आकड्यावर घातली होती, तेव्हा ती रद्द, असंही सांगितलं. बायकांतून असा गलका झाला की मशीनवाल्याने दचकून दुसरं रीळ चालू केलं. सतरंज्या उचललेले पुरुष आहे तिथे खाली बसले. मी नळाकडे परत आलो तेव्हा कोणी माझ्यासाठी जागा करायला सरकलं नाही.

त्या दिवशी घरी भाकऱ्या थापताना ती मध्येच हसत होती. म्हणाली, अस्वल हवेत चालतं ना, तेव्हा पडायच्या आधी ते थांबून माझ्याकडे बघतं. मागून बघणाऱ्यालाही तसंच वाटतं. कापडावरचं चित्र दोन्हीकडच्यांकडे बघतं, हे मला शास्त्रशुद्ध समजावता आलं असतं. मी पुढची भाकरी मागितली.

यंदा महाराष्ट्र झाला. ती पहिली धरून चित्रपटाच्या तीन संध्याकाळी होऊन गेल्या. तिन्ही वेळा आम्ही नळाकडे बसलो. हेडमास्तर घरून पाट आणतात. बायकांची आठ वर्षं बाकी आहेत. गणपती जवळ आले की हेडमास्तर मला गाठून सांगतात की एकदा पुन्हा मोजून बघा, कुठेतरी चुकलं असेल. मी मोजून बघतो. चुकलेलं नसतं.