जामनीबाईची काळी कोंबडी

धडगावजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या जामनीबाईला कुठलीही गोष्ट नुसती सांगून पटत नसे. नवं बियाणं आलं, की ती आधी शेताच्या कोपऱ्यात चार दाणे टाकून बघायची. सुनेनं कुकर आणला, तेव्हा पहिली शिट्टी होईपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नव्हती.

तिचे गुडघे धरले, तेव्हा दवाखान्यातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन गावची आशा कार्यकर्ती निशा घरी आली. "काकी, हाडं ठिसूळ झालीत. रोज एक घ्यायची."

"गोळी जाते पोटात. हाडाला कसं कळतं?"

"हाड ज्याचं बनतं तेच हिच्यात आहे. अंड्याचं कवचही त्याचंच."

जामनीबाईनं गोळ्यांकडे पाहिलं, मग अंगणातल्या काळ्या कोंबडीकडे. महिनाभर ती मऊ कवचाची अंडी देत होती. अंडं हातात घेतलं की दबायचं.

पंधरा दिवसांनी निशा परत आली. गोळ्यांचं पाकीट रिकामं बघून ती खूश झाली. "आता गुडघे कसे आहेत?"

"दुखतात. गोळ्या मी कुठे खाल्ल्या? रोज एक कुटून कोंबडीच्या दाण्यात घातली."

निशानं कपाळाला हात लावला. जामनीबाईनं मात्र टोपलीतून अंडं काढून पाट्यावर हलकेच आपटलं. टक्क वाजलं, फुटलं नाही.

"हिला लागू पडली. आता मला दे," ती म्हणाली. "पण पोरी, मी काही अंडी घालत नाही. माझं हाड तू कुठे वाजवून बघणार?"