लाल चिंधीचं घोसाळं

आईशप्पथ, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. म्हणजे निम्मं पाहिलेलं. उरलेल्या वेळी मी ऑफिसात होतो. पण बायकोनं पाहिलंय, आणि तिनं पाहिलेलं ते मी पाहिलेलं नाही असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

साबणाच्या चिपट्या फेकवत नाहीत. साबणदाणीत साचतात, आणि एक दिवस नव्या वडीला चिकटवल्या की जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळत नाही. आमच्या बिल्डिंगचे किस्से तसेच साचलेत. बोळिंजला, नव्वदच्या दशकात, तीन मजली इमारत. लिफ्ट नाही, पाणी टँकरचं. मागच्या भिंतीला लागून नानांची वाडी. त्यात केळी, विहीर आणि घोसाळ्यांचा मांडव. नाना वसईतले जुने बागायतदार. घरात त्यांच्या बोलीत बोलायचे, आमच्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं. आम्हाला समजावं म्हणून.

* * *

'बाथ स्पंज' हा शब्द आमच्यात आणला तिसऱ्या मजल्यावरच्या पेडणेकरांनी. त्यांच्या मेव्हण्यानं मस्कतहून गुलाबी जाळीचा एक गोंडा पाठवला होता. पेडणेकरवहिनींनी तो शोकेसमध्ये ठेवला, संगमरवरी ताजमहालाशेजारी. आलेगेले कौतुक करायचे. वर्षभरानं मेव्हणा सुट्टीवर आला आणि चहा पिता पिता थबकला.

"ताई, हा अंग घासायला पाठवला होता."

"एवढा चांगला? अंगाला?" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताजमहाल एकटा पडला.

* * *

पेडणेकरांनी तो वापरायला काढला त्याच दिवशी टँकर आला नाही. त्या गोंड्याला फेस इतका, की म्हणे मोरीतला आरसा दिसेना. एका बादलीत अंग ओलं झालं, पण फेस उतरायला पाणीच उरलं नाही. गृहस्थ टॉवेल गुंडाळून, भुवयांपर्यंत पांढरे, जिना उतरले ते थेट नानांच्या विहिरीवर.

नाना एकेक कळशी ओतत राहिले. तिसऱ्या कळशीला म्हणाले, "आत पेडणेकरच आहात ना? नाहीतर उगाच कोणाला तरी आंघोळ घालायचो."

मग त्यांनी मांडवावरचं एक वाळकं घोसाळं तोडलं, साल सोलली आणि आतली जाळी पेडणेकरांच्या हातात दिली. "हे घ्या. ह्याला फेस बेतानं येतो, पाणी बेतानं लागतं."

* * *

झालं. बिल्डिंगभर तेच. पेडणेकर त्याला बाथ स्पंज म्हणायचे, माझी आई अंगघासणी म्हणायची, नाना नुसतं जाळी. नानांच्या घरी तिची बढती ठरलेली होती: नवी असताना माणसाला, जुनी झाली की कळशीला, अगदी चिंध्या झाल्या की चुलीला. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तिला वेगळी साबणदाणी घेतली.

आई आधी हात लावायला तयार नव्हती. "भाजीनं अंग घासायचे दिवस आले," म्हणाली. मग एकदा बराच वेळ मोरीतून बाहेर येईना. आली ती खुशीत.

"अरे, मला पाठ आहे हे विसरूनच गेले होते मी."

* * *

लवकरच बिल्डिंग घोसाळी मागायला लागली, तीही वाळकी. "नाना, हे तोडू नका हं, आमचं." "नाना, ते कोपऱ्यातलं आमच्या ह्यांच्यासाठी. जरा लांब बघून ठेवा, त्यांची पाठ मोठी आहे." नानींना तळायला घोसाळं मिळेना.

नाना एकदा गॅलऱ्यांकडे बघून ओरडले, "भजी खायची की आंघोळ करायची, ते एकदा मीटिंग घेऊन ठरवा!"

आम्ही खरोखर मीटिंग घेतली. आंघोळीला बहुमत मिळालं.

* * *

आता लग्नाची गोष्ट. पेडणेकरांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं. नाना-नानी केळव्याला नातेवाइकांकडे गेलेले. हळदीनंतर नवरीला न्हाऊ घालायचं तर नवी जाळी हवी. वहिनींनी खिडकीतून पाहिलं. मांडवावर एकच घोसाळं उरलेलं, सगळ्यांत मोठं, आणि त्याच्या देठाला लाल चिंधी.

वहिनींचे डोळे भरून आले. "बघा, नानांनी आपल्या पोरीसाठी राखून ठेवलंय. लाल बांधून."

नवरी न्हाली. काळं बी मोरीतून वाहून गेलं. लग्न थाटात लागलं.

नाना परत आले, मांडवाकडे बघितलं आणि तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. वहिनी लाडू घेऊनच खाली गेल्या होत्या.

"वहिनी, आतलं काळं काय केलंत?"

"पाण्याबरोबर गेलं. का हो?"

नाना विहिरीच्या कठड्यावर बसले. बियाण्याच्या फळाला कोणी हात लावू नये म्हणून वाडीत चिंधी बांधतात. हे वाण त्यांच्या आईनं माहेराहून आणलेलं, दर वर्षी एका फळातून पुढच्या वर्षात जायचं. बाकीची घोसाळी आम्हीच नेलेली, त्यांचं बी आमच्या कचऱ्याच्या डब्यांतून कधीच गेलेलं.

"असू दे," नाना म्हणाले. "पोरगी गोरी दिसली ना?"

त्यांनी रागावायला हवं होतं. वहिनी लाडवांचा डबा तिथेच विसरून वर आल्या.

पेडणेकरांनी बाजारातून बियांची पाकिटं आणून दिली. नानांनी ती खिशात ठेवली, लावली नाहीत. "ह्यांचं गाव कुठलं, घराणं कुठलं, काय माहीत," एवढंच म्हणाले. त्या पावसाळ्यात मांडव रिकामा राहिला. वहिनींनी मोरीच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. मांडव दिसू नये म्हणून.

* * *

आमच्या मोऱ्यांचं पाणी एका पाटानं नानांच्या केळींना जायचं. बिल्डरशी त्यांची तशी बोली होती. पाट इमारतीच्या मागून जायचा, पावसात तिकडे कोणी फिरकत नसे. गणपतीच्या सुमारास एका सकाळी पेडणेकर डोळ्यांवर साबण घेऊन जाळीसाठी खिडकीकडे हात चाचपत होते. वर्तमानपत्र फाटलेलं होतं. हाताला जाळी लागली, पण ओली, गार आणि जड. डोळे उघडले तर हातात हिरवंगार घोसाळं, वेलासकट! पाटातून उगवलेला वेल पाइप धरून तिसऱ्या मजल्यावर पोचला होता.

"नाना!" पेडणेकर खिडकीतूनच ओरडले.

नानांनी खालून आधी वेल पाहिला. मग पान पाहिलं. मग आवाज आला, "हलू नका. तोडू नका. साबण लावू नका."

वहिनींनी मुलीच्या लग्नातल्या लाल ब्लाउजपीसची कड फाडली आणि देठाला स्वतःच्या हातानं बांधली.

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. वेल तिसऱ्या मजल्यावर गेला, हे मी घातलेलं. तो पहिल्या मजल्यापर्यंतच चढला, आमच्या मोरीच्या खिडकीशी; वर पाणी नव्हतं म्हणून पेडणेकर त्या दिवशी आमच्याकडे आंघोळीला आले होते. पेडणेकर, फेस, चिंधी, बाकी सगळं खरं. त्यामुळे घोसाळं वाळेपर्यंत, थेट थंडीपर्यंत, पेडणेकरवहिनी रोज सकाळी आमच्या घरी यायच्या. मी मोरीत असलो तर दार वाजवायच्या.

"भाऊजी, आहे ना?"

"आहे, वहिनी."

"मग पाणी जरा लांब सरकून घ्या. त्याच्यावर साबण उडेल."