आत्याची लाल कड

माझी आत्या लिफ्टची चित्रं काढते. लिफ्टच्या भिंतीवर नव्हे हो! लिफ्टने केव्हा काय करायचं, याची; चौकोन आणि बाण. ते चित्र एका यंत्रणेत घातलं की त्यातून आपोआप प्रोग्रॅम तयार होतो. ही चित्रभाषा जगभर एकच, पण आत्याला अपुरी वाटली. "भाषेत 'जपून' म्हणायची सोयच नाही म्हणजे काय?" म्हणून तिने लाल कडेचा चौकोन काढला. अर्थ असा: आधी खात्री, मग पुढे.

साहेब खूश. साहेब नाकातून बोलतात आणि सगळं दोनदा. "सुंदर, सुंदर! सगळ्यांनी हेच वापरा, हेच वापरा!"

'दार उघडा' हा चौकोन आत्याने अर्थातच लाल केला.

काल चाचणीत लिफ्ट थांबायच्या आधीच दार उघडलं. आत वाळूची पोती होती म्हणून निभावलं. साहेबांनी निकाल दिला: वायर सैल. वायरी जोडणाऱ्या मिस्त्रींना आज घरी पाठवलं, कायमचं.

संध्याकाळी आत्याने जेवायला वाढलं. काका घास घेऊन म्हणाले, "भाजीने मिठाशी अबोला धरलाय का?"

आत्या हसली नाही. "मिस्त्रींचं काही चुकलं नाही. आज प्रोग्रॅम उघडून बघितला. लाल कडेचा अर्थ मी माणसांना शिकवला, यंत्रणेला शिकवायचाच राहिला. न कळणारी खूण दिसली की ती तक्रारही करत नाही, साधा चौकोन समजून पुढे जाते. आणि आम्ही लाल रंग बघून निर्धास्त!"

"मग सांग साहेबांना."

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"दुसरं कुठून आणणार? आहे त्याच."

तिने फोन लावला. पलीकडून नाक वाजलं, "कळलं, कळलं. पण मिस्त्री गेले, गेले. तुम्ही गुपचूप दुरुस्त करा ना, गुपचूप."

आत्या म्हणाली, "त्यांना परत बोलवा. नाहीतर उद्या मी सगळ्यांसमोर सांगते."

"बोलावतो," साहेब म्हणाले. एकदाच!

मग मिस्त्रींना फोन. ते शब्द चघळत बोलतात. "म्हणजे... वायर घट्ट होती?"

"घट्टच होती. चूक माझी."

"आणि मी आल्याआल्या बायकोपुढे कबूल करून बसलो हो बाई, माझाच हात चुकला म्हणून. ती मघापासून बोलत नाही."

आत्याने डोळे पुसले. "वहिनींना द्या फोन."